बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी गाडी चालू झाली नाही की निकाल आधी बॅटरीवर लागतो. शेजारी सांगतात, दुकानदार सांगतो, मदतीला थांबलेला रिक्षावालाही सांगतो, 'बॅटरी गेली.' चार-पाच हजार मोजून नवी बसवली की गाडी झटक्यात सुरू होते आणि दुखणं गेल्यासारखं वाटतं. मग महिन्या-दीड महिन्यात ती नवी बॅटरीही एका सकाळी उतरलेली सापडते. जुन्या बॅटरीचा दोष नव्हताच. इंजिनावर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर पुरेसं चार्जिंग देत नव्हता, किंवा इंजिनाला बॅटरीच्या उण्याशी जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती, किंवा डिक्कीतला दिवा झाकण लावल्यावरही जळत राहत होता. मूळ बिघाड तसाच राहतो आणि तो एकामागून एक बॅटऱ्या खातो.

हा निकाल अंदाजाने लावायची गरज नाही. तो मोजून लावता येतो, आणि ज्याने आयुष्यात पाना हातात धरला नाही त्यालाही लावता येतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळणारा डिजिटल मल्टिमीटर एवढ्या कामाला पुरतो. चार वेळा मोजायचं: गाडी निवांत उभी असताना, सेल्फ मारताना, इंजिन चालू असताना आणि गाडी बंद करून झोपवल्यावर. या चार आकड्यांत बहुतेक बिघाड सापडतात.

मीटर कसा धरायचा ते आधी पाहू, कारण इथली एक चूक महागात पडते. स्वस्त मीटरला खाली तीन भोकं असतात. काळी वायर 'कॉमन'च्या भोकात जाते आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात, ते बहुधा मधलं असतं. तिसरं भोक १० अँपिअरचं. लाल वायर त्यात ठेवून दोन्ही टोकं बॅटरीला लावलीत तर ते सरळ शॉर्ट सर्किट होतं. वायर वितळते, ठिणगी उडते, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजही नसतो. म्हणून प्रत्येक वेळी टोक टेकवण्याआधी लाल वायर कुठे खोचली आहे ते पाहायचं. बटण डीसी व्होल्टच्या २० या खुणेवर. हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवायचं. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा जवळ विडी-सिगारेट नको.

उभ्या गाडीचा आकडा

बारा व्होल्टची म्हणतो ती बॅटरी म्हणजे आत सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. म्हणजे तब्येतीत असलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ किंवा किंचित वर दाखवते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट सकाळी उघडा, लाल टोक अधिकच्या खुंटीवर आणि काळं उण्याच्या खुंटीवर टेकवा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे उतरली. भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीत जेमतेम ०.८ व्होल्टचा फरक आहे, हे लक्षात राहू द्या. 'बारा दाखवतेय म्हणजे ठीक आहे' असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. बारा म्हणजे तीन चतुर्थांश बॅटरी संपलेली.

नुकतीच चालवून आणलेली गाडी मोजली तर आकडा फसवा, वर चढलेला येतो, कारण बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या पृष्ठभागावर ताजं चार्ज असतं. थांबायला वेळ नसेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा, पाचेक मिनिटांनी मोजा. आणि रात्रभर चार्जरवर ठेवूनही आकडा साडेदहाच्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. ती बॅटरी खरोखरच बदलायची.

बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतून कायमची बिघडते. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज करताना त्याचं पुन्हा शिसं आणि लेड डायॉक्साइड होतं. हे येणं-जाणं लवकर घडलं तर बिघडत नाही. पण आठवडेच्या आठवडे गेले की सल्फेटचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि ते चार्जिंगला दाद देत नाहीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या कितीतरी चांगल्या बॅटऱ्या अशाच गेल्या.

सेल्फ मारताना

पहिला आकडा चांगला आला म्हणून बॅटरी चांगली ठरत नाही. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असावी पण नळाचा पाइप क्षाराने अरुंद झालेला असावा, तसं होतं: पाणी आहे, धार नाही. वय झालेल्या बॅटरीचा अंतर्गत अवरोध वाढतो. ती निवांत १२.६ दाखवते, आणि सेल्फने एकदम मोठा प्रवाह मागितला की कोसळते.

ही मागणी केवढी असते? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, पहिल्या क्षणी त्याहूनही जास्त. डिझेलचा दोनशेच्या वर जातो. पण हे फार तर दोन सेकंद. बॅटरीत किती वीज मावते ते अँपिअर-तासांत मोजतात, म्हणजे किती अँपिअर किती तास; दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे त्यात अवघे ०.०८. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतला हा पाव टक्काही नाही. म्हणजे एका स्टार्टने बॅटरी रिकामी होत नाही. कस लागतो तो एका दमात प्रवाह देण्याच्या ताकदीचा, आणि ती ताकद फक्त भार टाकून कळते.

मीटर बॅटरीला लावून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. इंजिन लगेच सुरू झालं तर स्वस्त मीटर तो खालचा आकडा पकडत नाही, कारण त्याचा पडदा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. पेट्रोल गाडीत इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवला की इंजिन नुसतं फिरतं, आणि चार-पाच सेकंद निवांत पाहता येतं. आकडा दहाच्या वर राहिला तर बॅटरी दमदार आहे. ९.६ च्या खाली गेला तर ती कमजोर, पण ही परीक्षा भरलेल्या बॅटरीचीच घ्यायची. अर्धवट उतरलेली चांगली बॅटरीही इथे नापास होते आणि तिला विनाकारण भंगारात जावं लागतं. दुकानात भार टाकून बघतात तेव्हाही हेच विचारा: 'आधी चार्ज केली होती का?'

आता उलट बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. किल्ली फिरवली, मीटर बारावरून फारसा हललाच नाही आणि सेल्फही फिरला नाही. याचा अर्थ बॅटरीतून प्रवाह निघालेलाच नाही. दोष टर्मिनलमध्ये, जाड केबलमध्ये, किंवा सेल्फला प्रवाह जोडून देणाऱ्या स्विचांत, म्हणजे सोलेनॉइडमध्ये किंवा रिलेत आहे. कान दिला तरी बरंच कळतं. 'टकटकटकटक' असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होणं, म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच जाड 'टक' आणि शांतता, पण दिवे लख्ख, तर संशय सेल्फवर. काहीच आवाज नाही, दिवे लख्ख, तर रिले, इग्निशन स्विच किंवा क्लचचा स्विच. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर 'पार्क'मध्ये आहे का तेही बघा.

यातली अर्थची तपासणी फार कमी लोक करतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्या खुंटीवर, तिला आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर टेकवा. दुसरं टोक इंजिनाच्या रंग नसलेल्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारायला सांगा. या दोन जागा एकाच तारेने जोडलेल्या आहेत, म्हणजे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर बॅटरी आणि इंजिन यांच्यामधली पट्टी किंवा तिचा नट गंजलेला आहे, आणि सेल्फच्या वाट्याची ताकद तिथेच उष्णता होऊन वाया जातेय. कोकणात, मुंबईच्या किनारी भागात, खाऱ्या हवेत हे नेहमीचं आहे. दुरुस्ती म्हणजे नट सोडवणं, पॉलिश पेपरने घासणं आणि परत आवळणं. यासाठी लोकांनी बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला, असं मी पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं.

टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी साचली असेल तर तीही हाच अडथळा करते. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा, हातात मोजे घाला, कोरडं करा, क्लॅम्प आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. क्लॅम्प सोडवताना आधी उणं, जोडताना उणं शेवटी. अधिकचा क्लॅम्प सोडवताना पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो. उणं आधीच सुटलेलं असेल तर काहीच होत नाही.

इंजिन चालू असताना

गाडी सुरू झाल्यावर विजेचा सगळा भार अल्टरनेटर घेतो. त्याला आपल्याकडे अजूनही बरेच मिस्त्री डायनॅमोच म्हणतात. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या खुंट्यांवर मोजलं तर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. आता हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर, सगळं लावा आणि रेस थोडी वाढवा. आकडा १३.२ च्या वर टिकला पाहिजे. इंजिन चालू असूनही बारा-साडेबाराच येत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर चार्जिंग होतच नाही. ते चालू नसताना नवी बॅटरी टाकणं म्हणजे तिलाही त्याच वाटेने धाडणं.

मिस्त्रीकडे जाण्याआधी बेल्ट पाहून घ्या. सैल, चकाकणारा, चिरा पडलेला बेल्ट थंड इंजिनावर किंवा एसी लावताच 'चीं' करतो आणि अल्टरनेटरला पुरेसं फिरवत नाही. बेल्ट काही शे रुपयांत बदलतो. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजले असतील तर तेही स्वस्तात बदलतात. अख्खा अल्टरनेटर बदलायचा सल्ला मिळाला तर तो उघडून पाहणारा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा. प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एकजण सापडतो.

याच्या उलट, आकडा १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरी अक्षरशः उकळते, पाणी उडतं, दिवे लवकर जातात, अंड्यासारखा कुजका वास येतो. असा वास आला तर गाडी बंद करा.

इथे नव्या गाड्यांसाठी एक अपवाद. अलीकडच्या अनेक गाड्यांत उण्या टर्मिनलवर छोटासा सेन्सर असतो आणि इंजिनाचा संगणक गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम १२.८ वर आणतो, ब्रेक लावताना १४.८ पर्यंत नेतो. एकदा मोजून अशा गाडीचा निकाल लावू नका. हेडलाइट लावून काही मिनिटं आकडा कसा हलतो ते पाहा.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. चालत्या गाडीत लागला तर अल्टरनेटर थांबला आहे, आणि गाडी आता बॅटरीच्या शिल्लकीवर चालतेय. आधी तापमानाचा काटा बघा. बऱ्याच इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो. बेल्ट तुटला असेल तर लगेच बाजूला घ्या, नाहीतर इंजिन जाईल. काटा स्थिर असेल तर एसी, संगीत, मोबाइलचा चार्जर बंद करून जवळचं गॅरेज गाठा, आणि मध्ये गाडी बंद करू नका.

एका जुन्या खोडीबद्दल मात्र मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. काही मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीचा क्लॅम्प काढतात आणि गाडी बंद पडली नाही तर 'डायनॅमो ओके' म्हणतात. संगणक नसलेल्या जुन्या गाड्यांत ते खपून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर उसळतो, आणि तो आवरणारी सोय नसेल तर कित्येक पटींनी उसळतो. त्या एका क्षणात इंजिनाचा संगणक, एअरबॅगचा कंट्रोलर, म्युझिक सिस्टिम, काहीही जळू शकतं. कुणी पाना घेऊन चालू इंजिनावर क्लॅम्पकडे जात असेल, तर 'दादा, मीटर लावून बघा ना' एवढं तरी नक्की म्हणा.

रात्री कोण वीज पितं

तिन्ही आकडे चांगले, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी बसते. मग गाडी झोपलेली असताना कोणीतरी वीज ओढतंय. थोडी तर ओढली जाणारच: घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती. २० ते ५० मिलिअँपिअर स्वाभाविक आहे. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ ची बॅटरी महिनाभरात संपते, काही बिघाड नसताना. पण डिक्कीतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला तर सुमारे ०.४ अँपिअर जातो, दिवसाला दहा अँपिअर-तास, आणि तीन-चार दिवसांत खेळ खलास.

शोधायचं कसं? दारं बंद करून गाडी लॉक करा, बॉनेट उघडं ठेवा, आणि आतले सगळे संगणक झोपेपर्यंत अर्धा तास थांबा. त्याआधी मोजलं तर उगाच मोठा आकडा येतो. मग उण्याचा क्लॅम्प सोडवून, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात आणि बटणही १० अँपिअरवर नेऊन, तो खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जोडता येतो, पण क्लॅम्प सुटला की सगळं पुन्हा जागं होतं, म्हणून पुन्हा थांबावं लागतं. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, चुकूनही नाही. आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या सर्किटवर चोर आहे. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला निघतो: जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, ॲम्प्लिफायर, स्वस्तातली अलार्म. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, तपासून घ्या. तो शॉर्ट झाला की बंद गाडीतही उलटा प्रवाह वाहतो.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर रोज दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. आयडलिंगवर अल्टरनेटरची पुरी ताकद मिळत नाही, पंखा आणि दिवे त्यातलं खातात, आणि उतरलेल्या बॅटरीला भरायला तास लागतात, मिनिटं नाही. आठवड्यातून एकदा चांगला अर्धा-पाऊण तास चालवा. ते जमत नसेल तर उण्याचा क्लॅम्प काढून ठेवा, पण रेडिओचा कोड आणि काचांची सेटिंग जाईल हे धरून.

पाणी आणि ऊन

आपल्याकडे बॅटरीचा खरा शत्रू ऊन आहे. बॉनेटखाली बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आतल्या झिजेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. नागपूर-चंद्रपूरला ४५ अंशांच्या मे महिन्यात झिजलेली बॅटरी डिसेंबरच्या गार पहाटे दगा देते, आणि दोष थंडीला मिळतो. ज्या बॅटरीला झाकणं आहेत तिचं पाणी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पाहा, पट्ट्या बुडलेल्या हव्यात. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी नाही आणि ॲसिड तर नाहीच, कारण उडून जातं ते पाणीच. वरचा हिरवा 'डोळा' सहापैकी एकाच सेलचं सांगतो, तेव्हा त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही यातलं अर्धं लागू आहे. मोठ्या बॅटरीशिवाय त्यांच्यातही बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली की पूर्ण चार्ज झालेली गाडी रिमोटने लॉकसुद्धा उघडत नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर वायर लावून गाडी सुरू करायची वेळ आली तर अधिक ते अधिक जोडा, मग चांगल्या बॅटरीच्या उण्यापासून निघणारी वायर बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची ठिणगी हायड्रोजनपाशी पडू नये म्हणून.

सगळे आकडे घेऊन बॅटरीच दोषी ठरली, तर दुकानात जाताना मीटर सोबत न्या. फळीवर महिनोन्महिने पडलेली 'नवी' बॅटरी १२.३ दाखवत असेल तर दुसरी मागा, किंवा पूर्ण चार्ज करून द्यायला सांगा. तिच्यावरचा उत्पादनाचा महिना वाचा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी स्वस्त बॅटरी बसवू नका, तिला वारंवार चालू-बंद सोसणारी, ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या, आणि त्यातले पूर्ण बदलून देण्याचे महिने किती व टक्केवारीने सूट देण्याचे किती, ते वेगवेगळे विचारा. जुनी बॅटरी तिथेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापराकडेच जायला हवी, आणि शिशाची किंमत म्हणून बिलातून रक्कमही वजा होते. नवी बसल्यावर तिथेच, पैसे देण्याआधी, इंजिन चालू ठेवून तिसरा आकडा पुन्हा एकदा मोजा.